प्रोसेसर बदलला आणि डिस्प्ले येईना? बोर्ड भंगारात काढण्याआधी या क्रमाने तपासा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सेकंडहँड प्रोसेसर टाकून त्याचं आयुष्य चार-पाच वर्षं वाढवणं हा आजही सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय आहे. अडचण येते ती नवा प्रोसेसर बसवून बटण दाबल्यावर. पंखे फिरतात, कॅबिनेटवरचा दिवा लागतो, आणि मॉनिटरवर फक्त "नो सिग्नल". दुकानात फोन केला की उत्तर ठरलेलं: "बोर्ड गेला असेल, घेऊन या."

बहुतेक वेळा बोर्ड (मदरबोर्ड) गेलेला नसतो आणि प्रोसेसरही उडालेला नसतो. प्रोसेसर ही कॉम्प्युटरमधली सगळ्यात कमी बिघडणारी वस्तू आहे. डिस्प्ले न येण्याचं कारण सहसा बायोस (बोर्डातच साठवलेला, मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम), एखादी सुटलेली केबल, नीट न बसलेली रॅम किंवा वाकलेली पिन यांपैकी एक असतं. ही सगळी कारणं घरी शोधता येतात, फक्त क्रम सोडायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

उदाहरण म्हणून मी एच६१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य कंट्रोलर चिपचा) बोर्ड घेतो, कारण आपल्याकडे घराघरांत आणि सायबर कॅफेंत हाच बोर्ड दिसतो आणि मी स्वतः याच बोर्डावर हे सगळं केलं आहे. त्यावर आधी दुसऱ्या पिढीचा आय३-२१०० होता आणि आता तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० बसवायचा आहे. दोन्हींचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एकच, एलजीए ११५५. तरीही पहिल्यांदा डिस्प्ले येत नाही. का, ते पुढे येईलच.

सुरुवात करण्याआधी: जुना प्रोसेसर हातचा सोडू नका

दुकानदार एक्स्चेंजमध्ये जुना प्रोसेसर मागतात. पाचशे रुपये कमी होतात म्हणून लोक देऊन टाकतात. नवा प्रोसेसर तुमच्याच बोर्डावर चालून विंडोज उघडेपर्यंत जुना देऊ नका. डिस्प्ले आला नाही तर दोष कुठे आहे हे सांगणारी तीच एक वस्तू तुमच्याकडे असते. बायोस अपडेट करायलाही तोच लागतो.

जवळ ठेवायच्या वस्तू:

- मध्यम आकाराचा फुली स्क्रू ड्रायव्हर
- थर्मल पेस्टची नवी ट्यूब (हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा पंख्यासकटचा धातूचा ठोकळा, प्रत्येक वेळी काढला की पेस्ट नव्याने लावावी लागते)
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापड किंवा टिश्यू
- पांढरा खोडरबर
- सीआर२०३२ सेल, नवा
- पेन ड्राइव्ह, एफएटी३२ फॉरमॅट केलेला
- बोर्डाला लावायचा छोटा बीप स्पीकर
- मोबाइल, टॉर्चसाठी आणि फोटोंसाठी

यातला बीप स्पीकर बहुतेकांकडे नसतो आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. किरकोळ किमतीत मिळतो, आधीच आणून ठेवा.

कॅबिनेटमध्ये हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जातो. काम करताना मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा. एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा) डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो.

१. "डिस्प्ले नाही" म्हणजे नेमकं काय होतंय?

बटण दाबून दोन मिनिटं नुसतं बघा. नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदा चालू होताना काही बोर्ड एक-दोनदा स्वतःच बंद होऊन परत चालू होतात आणि मग डिस्प्ले देतात. दहा सेकंदांत घाबरून वायर ओढू नका.

मग खालीलपैकी काय होतंय ते ठरवा:

- काहीच हालत नाही, पंखाही नाही: पॉवरचा प्रश्न. एखादी केबल राहिली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.
- दोन-तीन सेकंदांनी बंद, परत चालू, परत बंद, असं चक्र: बायोसला प्रोसेसर ओळखता येत नाही, रॅम लागत नाही किंवा पिना वाकल्या आहेत.
- पंखे शांतपणे फिरत राहतात, पडदा काळा: सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. वरची कारणं, शिवाय १२ व्होल्टची केबल किंवा ग्राफिक्स.
- आधी कंपनीचा लोगो दिसतो, विंडोज सुरू होताना काळं होतं: प्रोसेसर चालतोय. ड्रायव्हर किंवा सेटिंगचा मामला आहे, थेट आठव्या पायरीवर जा.
- डिस्प्ले येतो आणि मिनिटाभरात मशीन बंद पडतं: हीटसिंक नीट बसलेला नाही.

आता कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन आतून पूर्ण सुरू झालं आहे आणि फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा ढिम्म असेल तर ते सुरुवातीलाच अडकलं आहे. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

२. चित्र कुठून येणार आहे?

ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. कार्ड असताना बोर्डावरचा व्हीजीए पोर्ट बऱ्याच बोर्डांवर आपोआप बंद होतो. घाईत केबल जुन्या जागी खोचली जाते आणि माणूस तासभर प्रोसेसरला दोष देत बसतो.

कार्ड नसेल तर दुसरा प्रश्न विचारा: नव्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? एलजीए ११५५ वर बोर्डाच्या व्हीजीए पोर्टमधून येणारं चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधून येतं. आय५-३४७० मध्ये ते आहे. आय५-३३५०पी मध्ये नाही, आय५-२५५०के मध्येही नाही. स्वस्तात मिळतो म्हणून लोक झिऑन ई३-१२३० व्ही२ घेतात, त्यातही नाही. असा प्रोसेसर अगदी उत्तम चालत असला तरी ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. झिऑन घ्यायचाच असेल तर ई३-१२४५ व्ही२ सारखा, ज्याचा नंबर ५ ने संपतो, तो बघा, त्यात ग्राफिक्स असतं. एएमडीच्या एएम४ बोर्डांवरही हेच: रायझन ५ १६०० मध्ये ग्राफिक्स नाही, रायझन ५ २४००जी मध्ये आहे.

३. सोप्या गोष्टी आधी: १२ व्होल्ट, रॅम, सेल

बोर्डाला एसएमपीएसकडून दोन केबल येतात. मोठी २४ पिनची सगळ्यांना दिसते. दुसरी छोटी, चौकोनी, ४ पिनची, प्रोसेसरच्या शेजारी लागते. प्रोसेसरला वीज या छोट्या केबलमधून मिळते. हीटसिंक काढताना ती आड येते म्हणून काढली जाते आणि परत लावायची राहते. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र येत नाही.

मग रॅम. सगळ्या काढा. सोनेरी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुसा कापडाने पुसा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या दमट हवेने या पट्ट्यांवर काळपट थर येतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. आता एकच रॅम एका स्लॉटमध्ये लावा, दोन्ही टोकांना "टक" आवाज येईपर्यंत दाबा. नाही चालली तर दुसरा स्लॉट, मग दुसरी रॅम.

रॅमवर एवढा भर देण्याचं कारण आहे. एलजीए ११५५ मध्ये रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. म्हणजे प्रोसेसर बदलला की रॅमशी बोलणारा भागही बदलला. जुन्या प्रोसेसरबरोबर वर्षानुवर्षं चाललेली रॅम नव्याबरोबर अडू शकते.

यानंतर बायोसची जुनी सेटिंग पुसा. वायर काढा, गोल सेल काढा, पॉवरचं बटण दाबा, पाच मिनिटं थांबा, नवा सेल लावा. बोर्डावर सेलजवळ सीएलआर सीमॉस किंवा सीएलआरटीसी लिहिलेला जंपर असेल तर वायर काढलेली असतानाच त्याच्या दोन पिना दहा सेकंद जोडल्या तरी चालतं. मूळ बोर्डाचा सेल दहा-बारा वर्षांचा असेल तर त्याला निवृत्त कराच.

शेवटी स्पीकरची चाचणी. स्पीकर बोर्डाला लावा, सगळ्या रॅम काढा आणि चालू करा. "रॅम नाही" असं सांगणारे बीप वाजले तर आनंदाची बातमी आहे: प्रोसेसर जिवंत आहे आणि बायोसचा प्रोग्रॅम चालवतोय. आता शोध रॅम आणि ग्राफिक्सपुरताच राहिला. काहीच वाजलं नाही तर प्रोसेसर, बायोस किंवा पॉवर यांच्याकडे वळा.

४. जुना प्रोसेसर परत बसवा

हीटसिंकचे चारही खुंट त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. हीटसिंक सरळ वर उपटू नका, आधी डावी-उजवीकडे हळूच वळवून पेस्टची पकड सोडवा. एएमडीच्या एएम२, एएम३, एएम४ बोर्डांवर ही काळजी दुप्पट घ्या, कारण तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि हीटसिंकबरोबर प्रोसेसर लॉक न उघडताच उपटून येतो.

नवा प्रोसेसर काढल्यावर लगेच जुना लावू नका. सॉकेटमध्ये बघा. इंटेलच्या या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, ११५५ बारीक वाकड्या तारा. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरा आणि नजर सॉकेटच्या पातळीला आणा. सगळ्या पिनांची टोकं एकसारखी चमकली पाहिजेत. जिथे चमक तुटते, एखादं टोक शेजारच्या रांगेत शिरल्यासारखं दिसतं, तिथे पिन वाकली आहे. मोबाइलवर झूम करून फोटो काढला की आणखी स्पष्ट दिसतं.

वाकलेली पिन सरळ करता येते. ०.५ ची पेन-पेन्सिल घ्या, त्यातलं शिसं पूर्ण काढा, पुढची पोकळ नळी पिनेच्या टोकावर अलगद ठेवून शेजारच्या पिना ज्या कलात आहेत त्या कलात तिला आणा. एकदाच, थोडंसं. पुढे-मागे केली की तुटते. हात थरथरत असेल किंवा पिना चार-पाचपेक्षा जास्त असतील तर हे काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, त्याच्याकडे मायक्रोस्कोप असतो. सॉकेटमध्ये पेस्ट सांडली असेल तर कापडाने पुसू नका, धागा अडकून निरोगी पिनाही वाकतील. मऊ ब्रशने अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळू द्या.

आता जुना प्रोसेसर. दोन बाजूंच्या खाचा सॉकेटच्या उंचवट्यांशी जुळवा आणि वरून नुसता ठेवा, दाबू नका. दांडी बंद करताना मात्र जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो, तो येणारच. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. हीटसिंकचे खुंट आधी बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी फिरवा, मग समोरासमोरच्या जोडीने दाबा. बोर्ड बाहेर असेल तर मागून बघा, चारही खुंट आरपार आलेले दिसले पाहिजेत. पंख्याची वायर सीपीयू फॅन (सीपीयू म्हणजे प्रोसेसरच) लिहिलेल्या पिनांवरच लावा.

चालू करा. इथे दोन वाटा फुटतात.

जुन्यावर डिस्प्ले आला: बोर्ड, रॅम, एसएमपीएस, मॉनिटर सगळं ठीक आहे. प्रश्न नवा प्रोसेसर आणि बायोस यांच्यातला. पाचवी पायरी.

जुन्यावरही आला नाही: काढघाल करताना काहीतरी हललं आहे. पिना आणि तिसरी पायरी पुन्हा बघा, मग सातवी.

५. बोर्ड या प्रोसेसरला ओळखतो का?

सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालणार, हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे. इंटेलची दुसरी पिढी जानेवारी २०११ मध्ये आली, तिसरी एप्रिल २०१२ मध्ये. २०११ चा एच६१ बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा तिसरी पिढी बाजारात नव्हती, त्याच्या बायोसला ती माहीत असणार कुठून? आय५-३४७० बसवल्यावर पडदा काळा राहतो तो यामुळे.

बोर्डाचं नाव विंडोजमध्ये सीपीयू-झेड किंवा एमएसइन्फो३२ मध्ये दिसतं. नावाबरोबर बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबरही टिपा. एकाच नावाच्या रिव्हिजन १ आणि २ चे बायोस वेगळे असू शकतात. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. तुमच्या प्रोसेसरच्या ओळीत "या बायोसपासून पुढे" असा एक आकडा असतो. तो तुमच्या आत्ताच्या बायोसशी ताडून बघा.

यादीत प्रोसेसरचं नावच नसेल तर अपडेट करूनही उपयोग नाही. पुढच्या गोष्टींवर बरेच जण फसतात:

- ऑफिसांतून निघालेली ब्रँडेड मशीन. क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ चिपसेटवर तिसऱ्या पिढीला इंटेलचा अधिकृत सपोर्ट नाही. सेकंडहँड बाजारात भरपूर दिसणारा ऑप्टिप्लेक्स ७९० याच गटातला. पुढचा ७०१० तिसरी पिढी घेतो.
- "आय५ आहे" एवढ्यावर खरेदी. आय५-४५७० चौथ्या पिढीचा, एलजीए ११५० चा. एच६१ वर बसतच नाही, जोर लावला तर पिना जातात.
- एलजीए ११५१. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांच्या सॉकेटचा आकडा एकच, पण १०० आणि २०० सिरीजचे बोर्ड आठवी-नववी पिढी चालवत नाहीत.
- एलजीए ७७५ च्या जी३१, जी४१ बोर्डांसाठी स्टिकर लावून विकले जाणारे झिऑन ई५४५०. ते मुळात एलजीए ७७१ चे आहेत. काही बोर्डांवर चालतात, बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये बदल केल्याशिवाय डिस्प्ले देत नाहीत. पहिल्यांदाच अपग्रेड करत असाल तर या वाटेला जाऊ नका.

६. बायोस अपडेट

हे काम जुना प्रोसेसर लावलेला असतानाच होतं. आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. साटा मोड (हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई आहे की एएचसीआय, हे पान तर नक्की. कारण खाली आहे.

फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या आणि त्याबरोबरच्या सूचना शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या पिढीच्या काळातल्या बोर्डांवर तिसऱ्या पिढीसाठी बायोसबरोबर मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचं) फर्मवेअरही सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर जातं. त्यामुळे काही बोर्डांवर आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. बोर्ड खुद्द इंटेलचा असेल तर वेगळी अडचण आहे: इंटेलने २०१३ मध्ये डेस्कटॉप बोर्डांचा धंदा गुंडाळायला घेतला आणि २०१९ च्या शेवटी जुन्या बोर्डांच्या बायोस फाइल साइटवरून काढल्या.

अपडेट विंडोजमधून करण्यापेक्षा बायोसच्या आतल्या फ्लॅश टूलमधून करा. आणि यूपीएसशिवाय सुरुवातच करू नका. मधेच लाइट गेली तर बोर्ड खरोखरच बंद पडतो. मग बायोसची चिप प्रोग्रॅमरवर लिहून घ्यावी लागते. ते काम करणारे लोक मुंबईत लॅमिंग्टन रोडला भेटतात, पण तुमच्या गावात भेटतीलच असं नाही. पावसाळ्यात, विजा कडाडत असताना तर हे काम पुढे ढकला.

अपडेट झाल्यावर जुन्या प्रोसेसरवरच एकदा चालू करून नवा आकडा बायोसमध्ये दिसतोय ना ते बघा, मगच नवा प्रोसेसर बसवा.

७. तरीही नाही? कमीत कमी सामानावर चालवा

बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, हीटसिंक, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर, बस (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही). हार्डडिस्क, डीव्हीडी, यूएसबी सगळं काढा. इथे डिस्प्ले आला तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली जास्तीचा स्टँड-ऑफ स्क्रू राहून शॉर्ट होत होतं, किंवा काढलेल्या सामानात दोष आहे.

इथेही नाही आला तर शेजाऱ्याचा, मित्राचा चालू एसएमपीएस लावून बघा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण दहा वर्षांनी त्याच्यात तेवढा दम उरलेला नसतो. आय३-२१०० चा टीडीपी (प्रोसेसर जोरात चालताना निघणारी उष्णता, यावरून विजेचा अंदाज येतो) ६५ वॅट, आय५-३४७० चा ७७, आय७-२६०० चा ९५. फरक थोडा वाटतो, पण थकलेल्या एसएमपीएसने मान टाकायला तो पुरतो.

८. डिस्प्ले आल्यावर

"नवा सीपीयू बसवला आहे, एफ१ दाबा" अशा अर्थाचा संदेश आला तर घाबरू नका, बायोसमध्ये जा, तारीख-वेळ लावा. विंडोजचा लोगो येऊन निळा पडदा दिसत असेल आणि त्यावर ७बी हा कोड असेल, तर सेल काढल्याने साटा मोड बदलला आहे. फोटोत बघून पूर्वीचा मोड लावा. विंडोज नव्याने टाकायची काहीही गरज नाही, दुकानात मात्र हमखास तोच सल्ला मिळतो.

लोगो दिसून विंडोजमध्ये काळं होत असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर काढा आणि नवा टाका. मग बायोसमध्ये तापमान बघा. नुसतं बसलेलं असताना ते चढतच राहिलं तर एखादा खुंट सुटला आहे.

हे सगळं करूनही फक्त नव्या प्रोसेसरवर डिस्प्ले येत नसेल, तर तोच सदोष असण्याची शक्यता आता खरी आहे. टेस्टिंग वॉरंटी संपायच्या आत दुकानात जा. एकटा प्रोसेसर नेऊ नका, तुमचा बोर्ड, रॅम आणि जुना प्रोसेसरही न्या, आणि नवा प्रोसेसर त्यांच्या बोर्डावर तुमच्यासमोर लावायला सांगा. बोर्ड काउंटरवर देण्याआधी सॉकेटचा जवळून एक फोटो काढून ठेवा, म्हणजे "पिना तुमच्याकडेच वाकल्या होत्या" हा वाद होणार नाही.